गावाच्या मालकीचं अभयारण्य पर्यटनावर तगतं का? हिशेब, करार आणि फसण्याच्या जागा

तांबट

सरकारी अभयारण्यांवर इथे भरपूर लिहून झालंय. मला विचारायचंय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल: जमीन लोकांची, राखण लोकांची आणि खर्च पर्यटनातून. नामिबियातल्या कॉन्झर्व्हन्सी (म्हणजे लोकांनी मिळून वन्यजीव राखण्यासाठी चालवलेली क्षेत्रं), केनियातला मसाई मारा परिसर, बेलीझमधलं माकडांचं अभयारण्य ही नावं हमखास येतात. पण लेख उघडावा तर सगळीकडे एकच सूर, रोजगार मिळाला, शिकार थांबली, सगळे सुखी. हिशेब कुठेच नाही.

मालकी हक्क कायद्याने पक्का नसेल तर हे चालतं का? लॉजवाल्या कंपनीशी करार करताना टक्केवारी नेमकी कशावर घ्यायची? आलेला पैसा घरटी वाटायचा की सामायिक कामाला लावायचा? आणि एखादा हंगाम पर्यटक फिरकलेच नाहीत तर राखणदारांचे पगार कुठून होतात? माहीतगारांनी तपशिलात लिहावं. 'जनजागृती हवी' छापाची उत्तरं कृपया नकोत.

---

गवताळ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. पैशाचं हिशेबनीस लिहितीलच.

मालकी म्हटली की लोक जमिनीचा कागद बघतात. खरं तर इथे दोन हक्क आहेत: जमिनीचा, आणि त्या जमिनीवरच्या वन्यजीवांपासून कमाई करण्याचा. नामिबियात सामुदायिक भागातली जमीन आजही सरकारचीच आहे. १९९६च्या कायदादुरुस्तीने दुसरा हक्क तेवढा लोकांकडे दिला, आणि तेवढ्यावर गाडा चालला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या, आता ८६ आहेत आणि देशाची साधारण एक पंचमांश जमीन त्यांच्याखाली आहे. नोंदणीच्या अटी मोजक्याच: ठरलेली हद्द, सभासदांची यादी, निवडलेली समिती, लिखित घटना आणि लाभवाटपाची योजना.

कागदावर सोपं दिसतं, पण सगळ्यात जास्त वेळ हद्दीत जातो. शेजारच्या गावाची माणसं सोबत घेऊन, जीपीएस हातात धरून हद्द पायी चालावी लागते आणि प्रत्येक खुणेवर दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. कचेरीत नकाशावर रेघ मारून आलेली हद्द पहिल्या दुष्काळात मोडते. पाणवठा नेमका कोणाच्या बाजूला, हा प्रश्न तेव्हाच उठतो.

दुसऱ्या टोकाला बेलीझ. तिथलं अभयारण्य १९८५ मध्ये रॉबर्ट हॉर्विच या प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १२ जमीनमालकांच्या सह्यांवर सुरू झालं. नाव 'कम्युनिटी बबून सॅंक्च्युअरी', पण बबून तिथे एकही नाही. काळ्या हाउलर माकडाला स्थानिक लोक बबून म्हणतात. आज ७ गावं आणि २००च्या वर जमीनमालक त्यात आहेत. प्रतिज्ञापत्रात मागितलंय ते फार नाही: नदीकाठची झाडोऱ्याची पट्टी राखायची, शेत साफ करताना अंजीरवर्गीय आणि माकडांच्या खाण्याची इतर झाडं सोडायची, बांधावरची रांग तोडायची नाही. रस्त्याने झाडांच्या फांद्यांचं छत तुटलं असेल तिथे वरून दोरांचे पूल. कायद्याने बांधलेलं काहीच नाही, जमीन विकली की नवा मालक मोकळा. तरी तगलं, कारण हाउलर हा पानं-फळं खाणारा, लहानशा जंगलपट्टीत कळप करून राहणारा प्राणी आहे. पिकाचं फारसं नुकसान करत नाही, माणसाला धोका नाही. हत्ती किंवा सिंह असते तर नुसत्या सह्यांवर दोन वर्षंही निघाली नसती.

म्हणजे कायद्याचा आधार किती हवा ते प्राण्यावरून ठरतं. त्रास जितका मोठा, तितका हक्क पक्का लागतो.

घानातल्या बोआबेंग-फिएमाचं उदाहरणही बघा. मोना आणि कोलोबस या जातींची माकडं मारायची नाहीत ही तिथली जुनी श्रद्धा. ती सैल पडायला लागली तेव्हा १९७५ मध्ये स्थानिक उपविधी करून तीच बंदी कायद्यात आणली. श्रद्धा होती म्हणून उपविधी पाळला गेला, आणि उपविधी होता म्हणून श्रद्धा न मानणाऱ्यालाही अडवता आलं. एकट्याने दोन्हींपैकी काहीच पुरलं नसतं.

भारतात यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६-क आहे, २००२च्या दुरुस्तीने आलेलं. खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर 'सामुदायिक राखीव' घोषित करता येतं. समितीत ग्रामपंचायतीने, ती नसेल तिथे ग्रामसभेच्या सदस्यांनी नेमलेले लोक आणि वन विभागाचा प्रतिनिधी असतो. सही करण्याआधी एक मेख नीट वाचा. अधिसूचना निघाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि वर राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. आत जाणं स्वेच्छेचं असलं तरी बाहेर पडणं तितकं सोपं नाही. नागालँडमधल्या खोनोमाने म्हणूनच आधी गावाच्या पातळीवर निर्णय घेतला. १९९८ मध्ये ब्लाइथ्स ट्रॅगोपान या रानकोंबड्यासारख्या पक्ष्यासाठी सुमारे २० चौ. किमी जंगल राखलं आणि शिकारबंदी गाव परिषदेने आणली. अरुणाचलातल्या सिंगचुंगच्या बुगुन लोकांनी २०१७ मध्ये १७ चौ. किमीवर सामुदायिक राखीव केलं, तेही बुगुन लिओचिकला या २००६ मध्ये जगापुढे आलेल्या पक्ष्याचा अधिवास धरून. पक्षीनिरीक्षकाला तेवढा एक पक्षी पुरतो, त्याला सफारी लागत नाही.

---

हिशेबनीस

गवताळ, हद्दीबद्दल १०० टक्के सहमत. आता पैसा.

चलन बाजूला ठेवू. एका राखणदाराचा एका दिवसाचा पगार म्हणजे १ एकक धरा. १२ राखणदार वर्षभर ठेवायचे तर ४,३८० एकक. गणवेश, रेडिओ, इंधन, बूट, कार्यालय, बैठका यांचा खर्च पगाराच्या साधारण ६० टक्के धरला तर एकूण ७,००८.

उत्पन्नाची बाजू: ८ तंबू, प्रत्येकी २ खाटा, म्हणजे वर्षाला ५,८४० खाट-रात्री. खाटा ४० टक्के भरल्या तर २,३३६. भागाकार करा. प्रत्येक पाहुण्याच्या प्रत्येक रात्रीमागे गावाच्या हातात ३ एकक पडले तर नुसती राखण भागते. शाळा, पाणी, घरटी वाटप यातलं अजून काहीच झालेलं नाही. आणि खाटा २० टक्केच भरल्या तर हाच आकडा ६. आधी हे गणित मांडा, मग लॉजचं चित्र काढायला बसा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. चित्र आधी काढलं जातं, मग त्याला साजेसे पाहुणे कागदावर मोजले जातात.

कराराबद्दल. टक्केवारी नफ्यावर कधीही घेऊ नका. नफा कागदावर दाखवायचा नसेल तर व्यवस्थापन शुल्क, मुख्य कार्यालयाचा खर्च, गाड्यांचा घसारा असे हजार मार्ग असतात. उलाढालीवर घ्या. पण 'उलाढाल' या शब्दाची व्याख्या करारातच हवी, कारण पुढची चोरवाट तिथे असते. जाहीर दर एक असतो, बुकिंग एजंटला त्यातून मोठी सूट जाते, आणि कंपनीची स्वतःची एजन्सी असली तर ही सूट तिच्याच खिशात राहते. पाहुणा पूर्ण पैसे मोजतो आणि गावाला कापलेल्या दरावर वाटा मिळतो. उपाय दोन. टक्केवारीसोबत दर खाट-रात्रीला ठरावीक आकार लावा, आणि फुकट राहणाऱ्या पाहुण्यांसह सगळ्यांची नोंदवही समितीला दर महिन्याला बघायला मिळेल असं कलम घाला. खाटा मोजता येतात, नफा मोजता येत नाही.

तिसरी गोष्ट, किमान हमी. पाहुणे येवोत न येवोत, वर्षाला अमुक इतकी रक्कम तिमाही हप्त्यांत. यावर कंपनी कुरकुरते. तशी कुरकुरली तर समजा, खाटा भरण्याबद्दलचे तिचे आकडे तिलाच खरे वाटत नाहीत.

मारातल्या कॉन्झर्व्हन्सींनी हेच तत्त्व टोकाला नेलं. सामुदायिक जमिनीचे तुकडे होऊन ते एकेका कुटुंबाच्या नावावर गेल्यावर, २००६च्या सुमारास, शेकडो जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने दिले. भाडं हेक्टरवर, दर महिन्याला, थेट बँक खात्यात. पाहुण्यांच्या संख्येशी त्याचा संबंधच नाही, सगळा धोका कॅम्पवाल्यावर. तो हा धोका का घेतो? कारण बदल्यात गर्दी नसलेली जागा मिळते. काही कॉन्झर्व्हन्सींमध्ये ७०० एकरांमागे एकच तंबू, एका प्राण्याभोवती जास्तीत जास्त ५ गाड्या. शेजारच्या राखीव क्षेत्रात सिंहाभोवती गाड्यांचं कोंडाळं असतं, म्हणून इथल्या शांततेला चढा दर मिळतो.

दोष यातही आहेत. भाडं ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात जातं, आणि सातबारावर, म्हणजे त्यांच्या तिथल्या उताऱ्यावर, नाव बहुधा पुरुषाचं. घरातल्या बाईच्या हाती किती पोचतं हा वेगळाच हिशेब. शिवाय मधल्याच एका तुकड्याच्या मालकाने करार नाकारून तारेचं कुंपण घातलं की प्राण्यांची वाट तुटते. म्हणून सह्या घेताना हत्ती आणि वाइल्डबीस्टच्या वाटांवरचे तुकडे आधी. एकूण एकर किती जमले ते नंतर बघा.

मुदत १०-१५ वर्षांची ठेवा आणि मुदत संपल्यावर इमारती कोणाच्या हे पहिल्याच पानावर लिहा. दुरुस्तीचा खर्च कोणाचा तेही. नाहीतर पंधराव्या वर्षी गावाच्या मालकीला येतं ते गळकं छप्पर आणि जळालेला जनरेटर.

---

पाणथळ

हिशेबनीस, गणित बिनचूक आहे, पण तुम्ही सुरुवातच लॉजपासून केलीत. बऱ्याच जागांना लॉज नकोच असतो.

युगांडातलं बिगोडी बघा. किबाले राष्ट्रीय उद्यानाला लागून पपायरस या उंच पाणवनस्पतीची दलदल, स्थानिक संस्था १९९२ पासून चालवते. विकतात काय? काही तासांची चालत फेरी, वाटाड्यासह. आठ प्रकारचे वानरवर्गीय प्राणी आणि ग्रेट ब्लू टुराकोसारखे पक्षी. पाहुणे चिंपांझी बघायला किबालेत आलेलेच असतात, त्यांचा उरलेला अर्धा दिवस बिगोडीला मिळतो. भांडवल म्हणजे लाकडी पायवाट, दुर्बिणी आणि शिकवलेले वाटाडे. त्या पैशांतून गावात माध्यमिक शाळा उभी राहिली. गाव मोठ्या उद्यानाच्या वाटेवर आहे का, हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी विचारायला हवा.

घानातल्या वेचियाऊचं उलट. काळ्या व्होल्टा नदीचा सुमारे ४० किमीचा पट्टा पाणघोड्यांसाठी राखलेला. जागा सुंदर, पण आडबाजूला, आणि पावसाळ्यात नदी फुगली की पाणघोडे नीट दिसत नाहीत. कॅनडातल्या कॅल्गरी प्राणिसंग्रहालयाची मदत अनेक वर्षं मागे होती म्हणून घडी बसली. अशा ठिकाणी पर्यटन हे पूरक उत्पन्नच राहणार. मुख्य खर्चाचं गणित त्यावर बांधलं तर ते कोसळणार.

पायी फेरीच्या धंद्यात काय बिघडतं ते सांगते. वाटाड्यांची पाळी ठरलेली नसेल तर ज्याला इंग्रजी बरं येतं तोच रोज जातो, बाकीचे महिन्याभरात सोडून जातात. पाटीवर क्रमाने नावं लिहा. पाहुण्याने विशिष्ट वाटाड्या मागितला तर त्याचा जादा आकार सामायिक पेटीत. बक्षिशी कोणाची हेही आधीच ठरवा. तिकिटाला क्रमांक छापलेलं तीन प्रतींचं पावतीपुस्तक: एक पाहुण्याला, एक खजिनदाराला, एक पुस्तकात. वाटाड्याने पैसे हातात घ्यायचेच नाहीत. गटात ६च्या वर माणसं नकोत, मागच्यांना काही दिसत नाही आणि ती बोलायला लागतात.

आणि खाऊ घालणं. याबद्दल जरा कडक लिहिते. माकडं लवकर दिसावीत म्हणून केळी दाखवायची सवय लागली की पहिलं वर्ष झकास जातं, फोटो छान येतात. मग कळप वाटेवरच बसून राहतो, पिशव्या ओढतो, चावतो, गावातल्या स्वयंपाकघरात शिरतो. ज्या प्राण्याला लोक देवासारखं मानत होते त्यालाच दगड मारायला लागतात. शिवाय आपले श्वसनाचे आजार त्यांना लागतात. गोरिलांपासून पूर्वी ७ मीटरचं अंतर ठेवायचे, कोविडनंतर ते १० मीटर आणि तोंडाला मास्क झालं. केळ्याने हे अंतर शून्यावर येतं.

---

तांबट

धन्यवाद! ३ एककांचं गणित वहीत उतरवून घेतलं. वाटपाबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही. आणि ज्यांची गुरं बिबट्या-सिंह नेतात त्यांना पर्यटनातून पैसे द्यायचे म्हणजे नेमकं कसं?

---

गवताळ

आधी नुकसान, मग वाटप. कारण नुकसान एकाच घराचं होतं आणि लाभ सगळ्यांचा. गाईमागे पूर्ण बाजारभाव दिला की राखण ढिली पडते आणि मेलेल्या प्रत्येक जनावराला वाघ-सिंह लागलेला असतो. काहीच दिलं नाही तर मेलेल्या गाईवर विष टाकलं जातं, आणि विष एका सिंहावर थांबत नाही, गिधाडांचा अख्खा थवा जातो. म्हणून नामिबियातल्या पद्धतीत मुद्दाम अर्धीमुर्धी रक्कम देतात, आणि अटी घालतात: २४ तासांत कळवायचं, राखणदाराने जागेवर पायठसे आणि दातांच्या खुणा बघायच्या, रात्री जनावर कोंडवाड्यात नव्हतं तर पैसे नाहीत.

मेलेलं जनावर हलवायच्या आत पोचणं महत्त्वाचं. गळ्यावर दातांच्या भोकांभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरलंय. रक्त साकळलेलं नसेल तर आधीच मेलेल्या जनावरावर कोणीतरी ताव मारलाय. कातडी सोलून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून राखणदाराकडे चांगली सुरी हवी.

कोंडवाड्यावरचा खर्च भरपाईपेक्षा स्वस्त पडतो. काटेरी कुंपणात सिंह सहसा उडी मारून शिरत नाही. तो बाहेर फिरतो, वासाने गुरं बिथरतात आणि आतूनच कुंपण फोडून बाहेर पळतात. त्यामुळे जाळी उंच असून भागत नाही, खांब पक्के आणि दार मजबूत लागतं. केनियात जुनी तेलाची पिंपं सपाट करून दारं करतात. काही ठिकाणी जाड कापडाचे फिरते वाडे वापरतात. पलीकडचं दिसलं नाही की दोन्ही बाजू शांत राहतात.

वाटपाचा क्रम माझ्या मते असा: राखणदारांचे पगार, मग नुकसान, मग राखीव गंगाजळी, आणि उरेल त्याचं काय ते वार्षिक सभेत सगळ्यांसमोर. घरटी रोख की सामायिक काम हा वाद आकड्यावर सोडवा. घरटी वाट्याला एका दिवसाच्या मजुरीएवढंच येत असेल तर वाटू नका, लोकांना तो अपमान वाटतो. त्या रकमेत एक पाणवठा दुरुस्त होतो आणि तो सगळ्यांना दिसतो. मात्र पाणवठा कोणत्या वस्तीला, हा पुढचा वाद. बेलीझमध्ये पाहुण्यांचं केंद्र बर्म्युडियन लँडिंग या गावात आहे, आणि बाकीच्या गावांची तक्रार बरीच वर्षं हीच की लाभही तिथेच अडकतो. प्रवेशिका एका गावात फाडली जात असेल तर मुक्काम, वाटाडे, हस्तकला यातलं काहीतरी जाणीवपूर्वक दुसऱ्या गावांना द्या.

सभासद 'घर' धरायचं की 'प्रौढ व्यक्ती' हेही घटनेत लिहा. घर धरलं तर विधवा आणि वेगळ्या राहणाऱ्या बायका सुटतात. व्यक्ती धरली तर शहरात गेलेल्यांची नावं यादी फुगवतात.

नोंदींबद्दल एकच. नामिबियाची नोंदवही पद्धत उचलण्यासारखी आहे. राखणदाराच्या पिवळ्या वहीत एका घटनेला एक नोंद: तारीख, नकाशावरचा चौकोन, प्राणी, संख्या. महिनाअखेरीस तोच निळ्या तक्त्यावर चौकोन भरतो, वर्षाअखेरीस लाल तक्त्यावर. काय नोंदायचं ते समिती ठरवते. माहिती गावातून बाहेर जाऊन अहवाल होऊन परत येण्याची वाट बघावी लागत नाही. या महिन्यात कोणत्या बाजूला शिकाऱ्यांचे फासे जास्त सापडले ते भिंतीवर दिसतं आणि पुढची गस्त तिकडे वळते.

---

हिशेबनीस

गंगाजळीचा आकडा देतो. वरच्या उदाहरणात दर खाट-रात्रीला ३च्या वर आणखी अर्धं एकक घेतलं तर वर्षाला १,१६८ एकक, म्हणजे तीन महिन्यांचे पगार. चार वर्षांत वर्षभराचे पगार भरून निघतात. हे खातं वेगळ्या बँकेत, तीनपैकी दोन सह्या, आणि तिसरी सही समितीबाहेरच्या माणसाची.

२०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. मारात काही ठिकाणी भाडं कमी करावं लागलं. नामिबियात राखणदारांचे पगार आणीबाणीच्या मदतनिधीतून गेले. 'पर्यटकांवर अवलंबून नसलेलं भाडं' हेसुद्धा शेवटी पर्यटकांच्याच खिशातून येतं, फक्त मध्ये एक उशी असते. माझ्याच वरच्या प्रतिसादातला सूर त्या अर्थाने थोडा जास्त ठाम होता.

---

पाणथळ

आणि गस्त थांबली की फासे लगेच लागतात. पगार तुटलाच तर गस्त अर्ध्यावर आणा, पण पाणवठ्यांची फेरी सोडू नका. कोरड्या दिवसांत फासे तिथेच असतात, पाण्याकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर, गुडघ्याएवढ्या उंचीला. चालताना एक काठी पुढे धरा.